तंतूच्या कडेला राहणारी पेशी

बेडकाच्या नडगीवरच्या स्नायूचा एक काप, कागदाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा पातळ. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो धरला की मधोमध स्नायूचा तंतू दिसतो आणि कडेला त्याची चपटी, लांबोडकी केंद्रकं. एका जागी मात्र कडेचं केंद्रक जरा वेगळं असतं. त्याच्याभोवती पेशीद्रव्याची नावापुरती कड आहे, त्या कडेला स्वतःचा पडदा आहे, आणि तो पडदा नि तंतूचा पडदा यांच्यामध्ये केसाहून हजारोपट बारीक अशी फट आहे. म्हणजे ते केंद्रक तंतूचं नाहीच. ती तंतूला चिकटून राहणारी निराळी पेशी आहे, आणि तंतूवरचं बाहेरचं आवरण दोघांना एकाच पांघरुणाखाली घेतं. साध्या सूक्ष्मदर्शकाला ही फट दिसत नाही, त्यामुळे तोवर सगळ्यांनी ते केंद्रक तंतूच्याच खात्यावर मांडलं होतं.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये या पेशीवर दोन-तीन पानांचं टिपण छापलं आणि तिला 'सॅटेलाइट सेल' म्हटलं. मराठीत तिला उपग्रह पेशी म्हणू. त्याच वर्षी लंडनमध्ये बर्नार्ड काट्झ यांनीही बेडकाच्या स्नायूत ती पाहिल्याची नोंद केली. मॉरोंनी टिपणात एक अंदाजही मांडला होता : गर्भात स्नायू घडवणाऱ्या पेशींपैकी काही मागे राहिल्या असाव्यात आणि इजा झाली की त्या कामाला लागत असाव्यात. साठ वर्षांनंतरही हा अंदाज बहुतांशी टिकून आहे. वाद झाला तो पुढच्या प्रश्नावर. स्नायू दुरुस्त करणारी ही पेशी स्नायू वाढवायलाही लागते का? तालमीत अंग भरतं, जिममध्ये दंड फुगतो, त्यात तिचा हात किती?

मराठीत हा विषय लिहिताना एक अडचण लगेच आडवी येते. हिंदीत 'मांसपेशी' म्हणजे स्नायू, आणि व्यायामशाळांतून तो शब्द आपल्याकडेही शिरला आहे. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा सर्वांत लहान जिवंत घटक. या लेखात स्नायू म्हणजे दंडातला किंवा मांडीतला अख्खा गोळा, तंतू म्हणजे तो ज्या धाग्यांचा बनलेला असतो त्यातला एक धागा, आणि पेशी म्हणजे पेशीच.

तंतू स्वतःही एक पेशीच आहे, पण अवाढव्य. गर्भात शेकडो छोट्या पेशी एकमेकींत विरघळून एक लांब नळी होते आणि प्रत्येकीचं केंद्रक त्या नळीत तसंच राहतं. म्हणून शरीरातल्या बहुतेक पेशींना एकेक केंद्रक असताना स्नायूच्या एका तंतूत ती शेकड्यांनी, लांब तंतूत हजारांनी असतात. एकदा तंतूत स्थिरावलेलं केंद्रक पुन्हा विभागत नाही. इथेच कोडं होतं. बाळाचा स्नायू मोठा होतो तशी तंतूतली केंद्रकं वाढत जातात. ती विभागत नसतील, तर नवी येतात कुठून?

याचं उत्तर कॅनडात, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मॉस आणि लब्लाँ यांनी १९७० च्या सुमारास दिलं. नवा डीएनए बनताना त्यात शिरेल असा किरणोत्सारी खुणेचा पदार्थ त्यांनी वाढत्या वयाच्या उंदरांना टोचला. तासाभरानं पाहिलं तर खूण फक्त उपग्रह पेशींच्या केंद्रकांवर होती, तंतूच्या एकाही केंद्रकावर नव्हती. दिवस गेल्यावर पाहिलं, तेव्हा खूण तंतूच्या आत पोचली होती. उपग्रह पेशी विभागली होती आणि तिची लेक तंतूत विलीन होऊन आपलं केंद्रक त्याला देऊन गेली होती. इतकी स्वच्छ मांडणी आणि इतकं स्वच्छ उत्तर जीवशास्त्रात क्वचितच मिळतं.

वाढत्या वयातला हा हिशोब पुढे आणखी बारकाईनं मांडला गेला. उंदराच्या पिल्लात जन्मानंतरच्या तिसऱ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत एका तंतूतली केंद्रकं सुमारे पाचपट होतात. त्यानंतर केंद्रकांची भर जवळपास थांबते, तंतू मात्र वाढतच राहतो. हे दुसरं निरीक्षण लक्षात ठेवावं, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं बीज त्यात आहे.

दुरुस्तीबद्दल आज कुणाचंच दुमत नाही. प्रयोगशाळेत ती तपासायला नागाच्या जातीच्या सापांच्या विषातला कार्डिओटॉक्सिन नावाचा घटक वापरतात. नागदंशानंतर दंशाच्या जागेचं मांस सडतं हे आपल्याकडचे डॉक्टर जाणतातच. प्रयोगात त्याच मारकपणाचा मोजून मापून उपयोग केला जातो. उंदराच्या नडगीच्या स्नायूत विषाची सुई दिली की तंतू फुटतात, पण त्यांची बाहेरची आवरणं रिकाम्या पिशव्यांसारखी जागेवर राहतात. आवरणाखालच्या उपग्रह पेशी जाग्या होतात, भराभर विभागतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच पिशव्यांत नव्या, बारीक तंतूंची रांग दिसू लागते. या नव्या तंतूंची केंद्रकं कडेला नसतात, मध्यभागी असतात. उंदरात ती खूण कित्येक महिने राहते, म्हणून सरावलेला माणूस काप बघताच इथे कधीतरी पडझड होऊन गेली आहे हे ओळखतो. तीन-चार आठवड्यांत स्नायू जवळपास पूर्ववत होतो.

ही पेशी काढून घेतली तर काय होतं? काढायची तर आधी तिची ओळख पटायला हवी. ती २००० साली पटली. कॅनडातल्या मायकेल रुडनिकी यांच्या गटानं दाखवलं की पॅक्स-७ हे जनुक या पेशींची खूण आहे आणि त्याच्यावाचून स्नायूत त्यांची वस्ती टिकत नाही. मग उंदरांच्या जनुकांत अशी योजना करता आली, की टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावर फक्त पॅक्स-७ वापरणाऱ्या पेशींत घटसर्पाच्या जंतूचं विष तयार होईल आणि त्या आतून मरतील. २०११ मध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकात तीन स्वतंत्र गटांचे निष्कर्ष आले आणि तिघांचं म्हणणं एकच निघालं. उपग्रह पेशी नसतील तर दुरुस्ती होत नाही. फुटलेल्या तंतूंच्या जागी चरबी आणि व्रणाची जाळी भरते, नवा स्नायू येत नाही. त्याआधी २००५ मध्ये लंडनच्या एका गटानं उलट बाजूनं हेच दाखवलं होतं. एकच तंतू, त्याला चिकटलेल्या जेमतेम सात उपग्रह पेशींसह, दुसऱ्या उंदराच्या जखमी स्नायूत ठेवला आणि त्यातून शंभराहून जास्त नवे तंतू उभे राहिले.

आता वाढीकडे येऊ.

वाढीत या पेशीची गरज असावी असं मानण्यामागे एक साधा तर्क होता. एक केंद्रक तंतूच्या ठराविक भागाचाच कारभार बघू शकतं. तेवढ्याच भागाला पुरेल इतका प्रथिनांचा हुकूम त्यातून सुटतो. तलाठ्याच्या सजासारखी कल्पना करावी. सजातली गावं वाढत गेली तर एका टप्प्याला नवा तलाठी नेमावाच लागतो. तंतू जाड होतो म्हणजे गावं वाढतात, नवी केंद्रकं हवीत, आणि नवी केंद्रकं उपग्रह पेशीच देऊ शकते. १९९० च्या दशकात उंदरांच्या पायावर गॅमा किरणांचा मारा करून पेशी विभागण्याची ताकदच काढून घेतली, तेव्हा जादा भार देऊनही तो स्नायू वाढला नाही. तर्क सिद्ध झाला असं पाठ्यपुस्तकांनी मानलं. पण किरणं एकट्या उपग्रह पेशीला गाठून मारत नाहीत, ती वाटेत येईल त्या सगळ्याला लागतात.

म्हणून २०११ चा आणखी एक निबंध एवढा गाजला. केंटकी विद्यापीठात शार्लट पीटरसन आणि जॉन मॅकार्थी यांच्या गटानं घटसर्पाच्या विषाची तीच युक्ती प्रौढ उंदरांवर वापरून नव्वद टक्क्यांहून जास्त उपग्रह पेशी नाहीशा केल्या आणि मग स्नायूवर भार टाकला. हा भार कसा टाकतात ते जवळून बघण्यासारखं आहे. उंदराच्या पोटरीत टाच उचलणारे तीन स्नायू असतात. त्यातले दोन कापून काढले की उरलेल्या प्लांटारिस नावाच्या स्नायूवर चालण्याचं सगळं ओझं येऊन पडतं, चोवीस तास, एकही दिवस विश्रांती न देता. दोन आठवड्यांत तो फुगून जवळपास दुप्पट होतो. माणसाच्या कुठल्याही व्यायामाशी याची बरोबरी नाही, पण वाढीची परीक्षा घ्यायला ही पद्धत फार उपयोगी पडते.

उपग्रह पेशी काढून टाकलेल्या उंदरांतही तो फुगला. तंतू जाड झाले, ताकदही तंतूंच्या जाडीला साजेशी होती, आणि नवी केंद्रकं मात्र जवळपास आली नाहीत. त्याच उंदरांत विषानं केलेली इजा भरून आली नाही, म्हणजे पेशी गेल्या होत्या याची खात्री होती. गावं वाढली, नवा तलाठी नेमला नाही, आणि कारभार चालला.

पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, नॉर्वेतल्या ऑस्लोच्या क्रिस्टियन गुंडरसन यांच्या गटानं त्याच जातीचे उंदीर घेऊन, तोच भार देऊन, त्याच नियतकालिकात उलटा निष्कर्ष छापला : उपग्रह पेशी नसतील तर तंतू वाढत नाहीत. केंटकीच्या गटानं पुढच्या वर्षी त्यांच्या मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. कापात कोणते तंतू मोजायचे, भाराच्या शस्त्रक्रियेनं जखमी झालेले तंतू कसे वगळायचे, उंदराचं वय किती, असे ते मुद्दे होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे तपशिलांवरचं भांडण वाटेल. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात उपयोगी काम या भांडणानंच करून घेतलं, कारण तोवर 'लागते की नाही' असा एकच प्रश्न विचारला जात होता आणि भांडणानं तो मोडून त्याचे तुकडे केले.

पहिला तुकडा वयाचा. केंटकीच्याच केव्हिन मुराक यांनी २०१७ मध्ये दोन महिन्यांच्या आणि चार महिन्यांहून मोठ्या उंदरांना शेजारी ठेवून पाहिलं. वाढत्या वयाच्या उंदरांत उपग्रह पेशींवाचून भार वाया गेला, तंतू जाड झाले नाहीत. पूर्ण वाढ झालेल्यांत तंतू जाड झाले. एकाच जातीच्या जनावरात, एकाच प्रयोगात, उत्तर वयाप्रमाणे बदललं.

दुसरा तुकडा मुदतीचा. दोन आठवड्यांऐवजी भार आठ आठवडे चालू ठेवला, तर प्रौढ उंदरांतही फरक पडू लागतो. उपग्रह पेशी नसलेल्या स्नायूची वाढ पुढे अडते आणि तंतूंच्या मधल्या जागेत कोलॅजनचं राठ जाळं साचतं. हे साचणं या विषयातला सगळ्यात अनपेक्षित धागा ठरला. उपग्रह पेशी तंतूला केवळ केंद्रक देत नाहीत, शेजाऱ्यांशी बोलतातही. भार पडताच त्या बारीक पुड्या बाहेर सोडतात; त्यांत सूक्ष्म आरएनएचा निरोप असतो; तो जवळच्या कोलॅजन विणणाऱ्या पेशींना मिळतो आणि त्यांचं विणकाम आवरतं. हे २०१७ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे ही पेशी तंतूत विलीन झाली नाही तरी वाढीला जागा मोकळी ठेवण्याचं काम करत असते.

तिसरा तुकडा विलीन होण्याचा. पेशी मारून टाकली की तिचं देणं आणि तिचं बोलणं दोन्ही एकदम बंद पडतं. कशामुळे काय झालं ते वेगळं काढता येत नाही. पुढे सिनसिनाटीला गेलेल्या डग्लस मिले यांनी २०१३ मध्ये मायोमेकर नावाचं प्रथिन शोधलं होतं. पेशीला तंतूत विरघळायचं असेल तर ते लागतंच. २०१७ मध्ये गो आणि मिले यांनी उपग्रह पेशी जिवंत ठेवून त्यांच्यातलं मायोमेकर तेवढं काढून टाकलं. पेशी जागेवर, पण दार बंद. भार दिल्यावर तंतू वाढले नाहीत आणि कोलॅजन साचलं. हा निकाल ऑस्लोच्या बाजूचा आहे. पुढे २०२० मध्ये मिले यांच्याच गटानं जन्मापासून तंतूंत कमी केंद्रकं असलेले उंदीर तयार केले, तेव्हा दिसलं की केंद्रकं कमी असली तर प्रत्येक केंद्रक जास्त मोठा इलाखा सांभाळतं. पण तंतू शेवटी लहानच राहतो. तलाठी दुप्पट गावं ओढतो खरा, पण कितीही नाही.

एकत्र पाहिलं तर मला असं दिसतं : केंद्रकांकडे वाढीव काम करण्याची बरीच ऐपत असते, आणि प्रौढ स्नायू थोड्या काळासाठी, मध्यम वाढीसाठी तिच्यावर भागवतो. वाढ मोठी असेल, मुदत लांब असेल किंवा वय कोवळं असेल, तर ती ऐपत पुरत नाही आणि उपग्रह पेशीवाचून निभत नाही. काही संशोधक यापेक्षा कडक बोलतील. मायोमेकरच्या प्रयोगाला आणि केंटकीच्या पहिल्या प्रयोगाला एकाच चौकटीत नीट बसवणं अजून जमलेलं नाही, आणि ते जमल्यासारखं लिहिणं वाचकाची फसवणूक ठरेल.

माणसांत अर्थातच कुणाच्या उपग्रह पेशी काढता येत नाहीत. तिथे मांडीच्या स्नायूतून जाड सुईनं चार-पाच तांदळाच्या दाण्यांएवढा तुकडा घेतात, त्याचे काप करतात, पॅक्स-७ च्या खुणेनं पेशी रंगवतात आणि मोजतात. प्रौढ माणसाच्या स्नायूत तंतूंच्या कडेला दिसणाऱ्या केंद्रकांपैकी शंभरात मोजकीच उपग्रह पेशींची असतात. म्हणजे मोजणारा तासन् तास बघत बसतो आणि हाताशी येणारे आकडे छोटे असतात. या क्षेत्रातले निष्कर्ष वाचताना ही गोष्ट मी विसरत नाही.

अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम केंद्रात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या प्रकारातला सगळ्यात बोलका. तरुण आणि वयस्क मिळून ६६ जणांनी १६ आठवडे मांड्यांचा वजनी व्यायाम केला. सगळ्यांचा व्यायाम सारखा, फळ मात्र सारखं नाही. १७ जणांचे तंतू सरासरी निम्म्याहून जास्त जाड झाले, ३२ जणांचे मध्यम, आणि उरलेल्या १७ जणांचे जवळजवळ जराही नाही. ज्यांचे सगळ्यात जास्त वाढले त्यांच्याकडे व्यायाम सुरू होण्याआधीच उपग्रह पेशी जास्त होत्या, व्यायामानं त्या आणखी वाढल्या, आणि तंतूंत नवी केंद्रकंही त्यांच्यातच सगळ्यात जास्त पडली. तालमीत वस्ताद जोर, बैठका, सपाट्या सगळ्यांकडून सारख्याच करून घेतो, खुराकही एकाच कढईतला असतो, तरी एकाचं अंग वर्षात भरतं आणि दुसऱ्याचं तीन वर्षांत भरत नाही, हे पाहिलेल्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटेल. मात्र पेशी जास्त होत्या म्हणून वाढ झाली, की दोन्हींमागे तिसरंच कारण होतं, हे अशा मोजणीतून सिद्ध होत नाही. आणि मागे पडलेल्या पोरावर आळसाचा शिक्का मारण्याआधी हे न वाढलेले १७ जण आठवावेत असं मला मनापासून वाटतं.

जोराची मेहनत झाली की नेमकं काय घडतं? ताणलेल्या तंतूतून आणि आवरणातून वाढीचे रासायनिक निरोप सुटतात. झोपलेली पेशी मायोडी हे जनुक चालू करते. तिचं पहिलं विभाजन व्हायला दिवसाहून जास्त लागतो. लेकींपैकी काही तंतूत विलीन व्हायला निघतात, काही मायोडी बंद करून पुन्हा आवरणाखाली झोपी जातात आणि साठा राखतात. माणसाच्या मांडीत या पेशींची संख्या मेहनतीनंतर साधारण तिसऱ्या दिवशी कमाल होते, म्हणजे अंग दुखून कमी होऊ लागतं त्या सुमाराला.

या वाटेत आपण अडथळाही घालू शकतो. व्यायामानंतर बर्फगार पाण्यात बसण्याची रीत खेळाडूंत रूढ आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला प्रत्येक सत्रानंतर सुमारे १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात १० मिनिटं बसवलं, दुसऱ्याला हलकं सायकलिंग करवलं. १२ आठवड्यांनी गार पाण्यातल्या गटाची ताकद आणि स्नायूची वाढ कमी भरली, आणि एकेका सत्रानंतर त्यांच्या उपग्रह पेशींचा प्रतिसादही मंद दिसला. सामना उद्या परत खेळायचा असेल तर गार पाण्यानं बरं वाटतं, तो उपयोग खराच. पण अंग कमावण्याच्या महिन्यांत त्याची सवय लावून घेऊ नये, एवढं मी या प्रयोगावरून सांगेन.

मेहनत सुटली की अंग सुटतं, हे सगळे जाणतात. जुन्या पहिलवानाचं सुटलेलं अंग नव्यापेक्षा लवकर परत येतं, हेही तालमीत ऐकायला मिळतं. गुंडरसन यांच्या गटानं २०१० मध्ये जिवंत उंदराच्या स्नायूतली तीच केंद्रकं पुन्हा पुन्हा पाहिली. भार दिल्यावर आधी केंद्रकं वाढली, मग तंतू जाड झाला. आणि नंतर नस तोडून स्नायू रोडावला तरी आलेली केंद्रकं गेली नाहीत. २०१३ मध्ये त्यांनी उंदरांना थोडे दिवस टेस्टोस्टेरॉन दिलं, थांबवलं, तीन महिने जाऊ दिले. स्नायू पूर्वीएवढा झाला होता, केंद्रकं मात्र जास्तच होती. मग सहा दिवस भार दिला, तेव्हा या उंदरांचे तंतू सुमारे ३० टक्के वाढले, इतरांचे नाममात्र. उंदराचे तीन महिने हा त्याच्या आयुष्याचा मोठा भाग असतो. यावरून गुंडरसन यांनी उत्तेजकांच्या बंदीच्या मुदतीवर बोट ठेवलं : फायदा कदाचित बंदीपेक्षा जास्त टिकतो.

केंटकीच्या गटानं पुढे वजन लावलेल्या चाकावर उंदीर पळवून, मग विश्रांती देऊन मोजलं, तर वाढलेली केंद्रकं उतरलेली दिसली. माणसांत २०२४ च्या एका नॉर्वेजियन अभ्यासात १० आठवड्यांच्या व्यायामानंतर १६ आठवडे सुट्टी देऊनही दंडातली वाढीव केंद्रकं बरीचशी टिकली. इंग्लंडच्या एका गटाला तर स्नायूची ही आठवण केंद्रकांच्या संख्येत नाही, डीएनएवरच्या रासायनिक खुणांत सापडली. मला स्वतःला वाटतं की दोन्ही गोष्टी खऱ्या निघतील. मुलांनी कुमारवयात कमावलेलं अंग पन्नाशीत त्यांच्या उपयोगी पडतं का, या प्रश्नाचं उत्तर याच रांगेत उभं आहे.

म्हातारपणाकडे वळलं की या पेशीची गोष्ट जड होते. वय वाढतं तशा झटक्याच्या, जोराच्या हालचालींच्या तंतूंभोवतीच्या उपग्रह पेशी कमी होतात. पडता पडता स्वतःला सावरायला नेमके हेच तंतू लागतात. उरलेल्या पेशी जाग्याही सावकाश होतात. दोष पेशीचा की तिच्या भोवतालचा? २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या थॉमस रँडो यांच्या गटानं म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडला. म्हाताऱ्याच्या स्नायूतल्या, त्याच्या स्वतःच्या उपग्रह पेशी तरुण रक्तात पुन्हा नीट जाग्या झाल्या. म्हणजे दोष बराचसा भोवतालचा होता. तरीही असं मानलं जात होतं की उपग्रह पेशी खचल्या म्हणूनच म्हातारपणी स्नायू झिजतो. २०१५ मध्ये केंटकीच्या गटानं तेही तपासलं. तरुणपणीच उपग्रह पेशी काढून टाकलेले उंदीर म्हातारे होईपर्यंत सांभाळले, आणि त्यांचे स्नायू इतर म्हाताऱ्या उंदरांपेक्षा जास्त झिजले नाहीत. फक्त कोलॅजन जास्त साचलं. म्हणजे रोजची झीज वेगळी आणि दुखण्यातून, शस्त्रक्रियेतून, महिनाभराच्या अंथरुणातून उभं राहणं वेगळं. या पेशीची उणीव दुसऱ्या ठिकाणी भासते.

डुशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजारात तिची कहाणी सगळ्यात क्रूर आहे. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना आधी हात टेकतो, मग नडगी, गुडघा, मांडी असा स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत उभा राहतो. डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्यानं त्याचे तंतू वापरानंच फुटत राहतात आणि उपग्रह पेशी वर्षानुवर्षं दुरुस्ती करत दमतात, असं समजलं जात होतं. २०१५ मध्ये रुडनिकी यांच्या गटानं दाखवलं की डिस्ट्रोफिन उपग्रह पेशीलाही स्वतःसाठी लागतं. एक लेक कामाला आणि एक साठ्याला, अशी असमान वाटणी करताना आपली बाजू कुठली हे तिला त्याच्यावाचून ठरवता येत नाही. म्हणजे आजार तंतूचा आहे तसाच तिचाही आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निरोगी नातेवाइकांच्या पेशी वाढवून अशा मुलांच्या स्नायूंत टोचून पाहिल्या होत्या. बहुतेक लगेच मेल्या, जगल्या त्या सुईच्या जागेपलीकडे फारशा गेल्या नाहीत. बाहेर बशीत वाढवलेली पेशी आवरणाखालचं आपलं घर विसरते, हा तेव्हाचा धडा आजही औषध शोधणाऱ्यांच्या वाटेत उभा आहे. ज्या घरात असा मुलगा आहे त्यांना आशेचे मथळे खूप ऐकवले जातात. त्यांना हे अपयश नीट सांगितलेलं असावं, असं मला वाटतं.

उलट बाजूनं, म्हातारा स्नायू हाक ऐकतो. नेदरलँड्समधल्या अभ्यासात वृद्धांनी १२ आठवडे पायांचा वजनी व्यायाम केल्यावर त्यांच्या जलद तंतूंभोवतीच्या उपग्रह पेशी वाढल्या आणि ते तंतू जाड झाले. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, मारिया फियाटारोनी यांनी बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या १० अशक्त माणसांना आठ आठवडे मांड्यांचा जोरकस व्यायाम दिला होता. तेव्हा कुणी त्यांच्या पेशी मोजल्या नाहीत, आणि त्यांच्या ताकदीतली बरीच वाढ स्नायूच्या जाडीपेक्षा नसांच्या सरावाची होती. मांडीच्या मधल्या भागातला स्नायू सुमारे ९ टक्के वाढला, ताकद सरासरी १७४ टक्के. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्यांच्या कमाल ताकदीतली ३२ टक्के गेलीही. पण खुर्चीतून हात न टेकता उठता न येणाऱ्या तिघांपैकी एक जण त्या दोन महिन्यांत उठू लागला, आणि दोघांना चालताना काठी लागेनाशी झाली.